चित्रांतून ध्वनि वेगळा काढतांना

गेल्या दोन-तीन महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकीं बऱ्याच पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं विचारलेला आढळला. कोणाच्या घरीं सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशीं आजोबांनीं म्हटलेलें पुरुषसूक्त फोनवर घेतलेलें आहे. कोणाकडे मंगळागौरीच्या जागरणांतील गाणीं आहेत. एका भगिनीच्या सासूबाईंची दृष्टि अधू झाली असून गांवच्या उत्सवांतील कीर्तनाची चित्रफीत त्यांस नुसती ऐकावयाची असते. सर्वांचें म्हणणें असें कीं, चित्राची आम्हांस गरज नाहीं, ध्वनि तेवढा वेगळा काढून हवा आहे. तर त्याकरितां सॉफ्टवेअर कोणतें घ्यावें? अशा साधनांचा सध्यां इतका सुकाळ झाला आहे, आणि जो तो आपलेंच साधन इतक्या मोठ्यानें वाखाणीत आहे, कीं साध्या गृहस्थानें गोंधळून जावें यांत नवल नाहीं. म्हणून या महिन्यांत हाच विषय घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक आहे. एक कळ दाबली कीं काम झालें, त्यांत एवढा खल कशाला, असें घरांतील तरुण मंडळी म्हणतील. बाजारांत मिळणाऱ्या एखाद्या गाण्याविषयीं हें बोलणें असेल, तर तें आम्हांस मान्य आहे. तें बिघडलें तर दुसरें मिळतें. परंतु ज्या आवाजाचा धनी आज हयात नाहीं, किंवा ज्याचें वय नव्वदीच्या घरांत आहे, तो आवाज दुसऱ्यांदां मिळत नाहीं. अशा वेळीं कळ कोणती दाबावी याचा विचार आधीं घटकाभर केलेला बरा.

चित्रफीत म्हणजे मुळांत काय वस्तु आहे, हें प्रथम समजून घेऊं. आपण जिला एमपी४ म्हणतों ती केवळ एक पेटी आहे. त्या पेटींत चित्राचें एक गाठोडें व ध्वनीचें दुसरें गाठोडें अशीं वेगवेगळीं ठेवलेलीं असतात, आणि तीं बरोबरीनें उलगडावींत अशी खूण त्यांवर केलेली असते. चित्रपटाच्या पेटींत तर कधीं कधीं दोन-तीन भाषांच्या ध्वनीचीं दोन-तीन गाठोडीं असतात. हें ध्वनीचें गाठोडें ज्या रीतीनें दाबून बांधलेलें असतें त्या रीतीस कोडेक असें नांव आहे. आजच्या फोनवर घेतलेल्या चित्रफितींत बहुधा एएसी ही रीत असते. ती १९९७ सालीं प्रमाणभूत ठरली. वेबएम नांवाच्या पेटींत ओपस किंवा व्हॉर्बिस असते, आणि ओपस ही २०१२ सालीं प्रमाण ठरलेली रीत आहे. लग्नमुंजींच्या जुन्या डीव्हीडींवर डॉल्बीची एसी-३ अथवा एमपी२ आढळते. पंधरा-वीस वर्षांपूर्वींच्या फोनांनीं ३जीपी नांवाच्या पेटींत पुष्कळदां एएमआर या रीतीनें आवाज भरून ठेवलेला आहे. आपल्या पेटींत काय आहे हें पाहावयाचें असल्यास मीडियाइन्फो नांवाचें लहानसें फुकट सॉफ्टवेअर आहे. तें पेटी न मोडतां आंतील सर्व मजकूर सांगतें.

आतां ध्वनि वेगळा काढावयाच्या रीति दोन. पहिली रीत अशी कीं, पेटी उघडावी, ध्वनीचें गाठोडें न सोडतां जसेंच्या तसें उचलावें आणि दुसऱ्या लहान पेटींत ठेवावें. दुसरी रीत अशी कीं, गाठोडें सोडावें, ध्वनि मोकळा करावा आणि निराळ्या रीतीनें पुन्हां दाबून बांधावा. कळ दाबणारास दोन्हींचा परिणाम सारखाच वाटतो, कारण दोहोंपासून ऐकूं येणारी एक फाइल मिळते. परंतु दोहोंत महदंतर आहे. एएसी काय, एमपी३ काय, या रीति कानास कमी जाणवेल तेवढा अंश टाकून देऊनच ध्वनि लहान करितात. फोननें आवाज घेतला तेव्हां एकदां असा अंश गेलेलाच आहे. पुन्हां दाबला कीं उरलेल्यांतून आणखी जातो, आणि गेलेला अंश कोणत्याही उपायानें परत येत नाहीं.

येथें पोथ्यांचें उदाहरण घेतां येईल. जुन्या काळीं पोथी हवी असली कीं लेखकाकडून नक्कल करून घेत. पहिल्या नकलेंत दोन अक्षरें सुटत, तिच्यावरून केलेल्या दुसरींत आणखी चार. आणि कांहीं शतकांनीं पाठभेदांचें असें रान माजे कीं, मूळ पाठ कोणता हें ठरविण्यांत विद्वानांचीं आयुष्यें खर्चीं पडत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं हातीं घेतलें तें १९६६ सालीं पुरें झालें, यावरून त्या श्रमाची कल्पना येईल. ध्वनि पुन्हां दाबणें म्हणजे नकलेवरून नक्कल करणें होय. गाठोडें तसेंच उचलणें म्हणजे मूळ पान न दुखवितां दुसऱ्या वेष्टनांत ठेवणें होय. फरक इतकाच कीं, महाभारताच्या पोथ्या अनेक होत्या म्हणून त्या ताडून पाहतां आल्या. आपल्या आजीच्या ओव्यांची पोथी एकच असते.

हानि नेमकी कोठें होते तेंही सांगतों, कारण आम्ही भाषेचे शिक्षक आणि आमचें लक्ष प्रथम तेथेंच जातें. श, ष, स या ऊष्म वर्णांचा ध्वनि उंच कंपनांचा असतो. त्यांचें बरेंच बळ सेकंदास चार हजार कंपनांच्या वर असतें. जुन्या तारेच्या टेलिफोनवर साधारण ३०० पासून ३४०० पर्यंतचींच कंपनें जात, म्हणून तेथें 'स'चा 'फ' होई आणि नांव सांगतांना अक्षरन्‌अक्षर फोडून सांगावें लागे. फार दाबलेल्या ध्वनींत हेंच पुन्हां घडतें. व्यंजनांचा घोष राहतो, स्वर राहतात, सूरही ओळखूं येतो. पण ऊष्म वर्ण बोथट होतात किंवा पाण्यांत बोलल्यासारखे सळसळतात. स्वजन आणि श्वजन यांत एका अक्षराचाच भेद आहे, हें संस्कृत शिकलेल्यांस सांगावयास नको.

आमच्या परिचयाच्या एका घरीं घडलेली गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. त्या घरच्या आजी स्तोत्रें फार स्वच्छ म्हणत. आळींतील मुलें उच्चार सुधारण्याकरितां त्यांच्याकडे बसत. त्यांच्या हयातींत घेतलेल्या चाळीसएक चित्रफिती थोरल्या मुलाच्या फोनवर होत्या. आजी गेल्यावर घरच्या पुतण्यानें, सर्वांस ऐकतां यावें या चांगल्याच हेतूनें, एका फुकट ॲपनें त्या सर्वांचा ध्वनि काढला. त्या ॲपनें कांहीं न विचारतां सर्वांत लहान आकार योजिला. फाइली इवल्याशा झाल्या, घरांतील पंधराही जणांच्या फोनवर गेल्या, आणि फोनवर जागा हवी म्हणून मूळ चित्रफिती पुसून टाकण्यांत आल्या. पुढें धाकटी नात त्याच ध्वनीवरून एक स्तोत्र पाठ करूं लागली, तेव्हां एका शब्दाशीं अडून तिनें विचारलें, "आजी येथें 'श' म्हणते कीं 'ष'?" सर्वांनीं पुनःपुन्हां ऐकलें. कोणासही सांगतां येईना. तें अक्षर छापील पुस्तकांत सांपडलें हें खरें; पण आजी तें कसें म्हणत असत, हें त्या घरांतून कायमचें गेलें.

पुतण्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. साधनाची निवड कशावरून करावी हें त्यास कोणीं सांगितलेंच नव्हतें. आमच्या मतें पहिली आणि मुख्य कसोटी ही कीं, जें सॉफ्टवेअर ध्वनीचें गाठोडें न सोडतां काढून देतें तें घ्यावें. 'झटपट', 'सोपें', 'उत्कृष्ट दर्जा' हीं विशेषणें कोणासही लावतां येतात. पण मूळ ध्वनि जसाच्या तसा मिळतो कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर होय किंवा नाहीं एवढेंच असतें.

या कसोटीस पूर्ण उतरणारें साधन म्हणजे एफएफएमपेग. फाब्रिस बेलार या फ्रेंच संगणकतज्ज्ञानें २००० सालीं तें सुरू केलें. तें फुकट आहे, त्याची घडण सर्वांस पाहण्यास खुली आहे, आणि विंडोज, मॅक व लिनक्स तिन्हींवर तें चालतें. इतर कित्येक सॉफ्टवेअरांच्या पोटांत काम करणारें यंत्र हेंच असतें. मात्र त्यास बटणें नाहींत, आज्ञा टंकून द्यावी लागते. ती आज्ञा तशी लहान आहे: मूळ फाइलीचें नांव, चित्र नको असें सांगणारी उणें चिन्हापुढील 'व्हीएन' हीं दोन अक्षरें, ध्वनीच्या कोडेकपुढें 'कॉपी' हा शब्द, आणि शेवटीं नव्या फाइलीचें नांव. 'कॉपी' हा शब्द गाळला कीं तेंही पुन्हां दाबूं लागतें, एवढें ध्यानांत असावें. नवी पेटी गाठोड्यास साजेशी हवी. एएसी असेल तर एम४ए, ओपस असेल तर ओपस किंवा ऑग, आणि कांहींच कळत नसेल तर एमकेए ही पेटी घ्यावी, कारण तिच्यांत बहुतेक सर्व रीतींचा ध्वनि राहतो. नुसतें फाइलीचें नांव एमपी४ चें एमपी३ केल्यानें कांहीं साधत नाहीं. बरणीवरची चिठ्ठी बदलून लोणच्याचा मुरांबा होत नसतो.

आज्ञा टंकण्याचा ज्यांस कंटाळा असेल त्यांनीं लॉसलेसकट पाहावें. त्याच्या पोटांत एफएफएमपेगच आहे, पण वर बटणें व खिडक्या आहेत. फीत उघडून ध्वनीचें गाठोडें तेवढें निवडतां येतें, आणि हवा तो तुकडाही, पुन्हां न दाबतां, कापून घेतां येतो.

व्हीएलसी पुष्कळांच्या संगणकावर असतेंच. पॅरिसमधील एका अभियांत्रिकी विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं १९९६ सालीं आरंभिलेल्या कामांतून तें जन्मास आलें आणि २००१ सालीं सर्वांस मुक्त झालें. त्यांतील 'कन्व्हर्ट' या सोयीनें ध्वनि वेगळा होतो. परंतु तेथें तयार यादींतील एमपी३ निवडली कीं ध्वनि पुन्हां दाबला जातो. यादीशेजारीं पान्याचें चित्र आहे. तें उघडून ध्वनीच्या सदरांत मूळ ध्वनि तसाच ठेवण्याचा पर्याय निवडावा लागतो. मॅकवर क्विकटाइम प्लेयरमध्यें केवळ ध्वनि निर्यात करण्याची सोय आहे, तिनें एम४ए फाइल मिळते. रोजच्या ऐकण्यास ती पुरेशी आहे.

ऑडॅसिटी हें साधन निराळ्या कामाचें आहे. अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत १९९९ सालीं त्याचा आरंभ झाला. ध्वनि कापणें, जोडणें, उंचसखल आवाज सारखा करणें, खरखर कमी करणें, हीं त्याचीं कामें. चित्रफीत उघडण्यास त्यास एफएफएमपेगची जोड द्यावी लागते, आणि उघडतांना तें गाठोडें सोडतेंच. तेव्हां त्यांतून फाइल काढावयाची झाल्यास फ्लॅक किंवा डब्ल्यूएव्ही या न गाळणाऱ्या रीतींत काढावी. खरखर काढण्याविषयीं एक सूचना: ऊष्म वर्णांचा ध्वनि खरखरीच्या जवळचा असतो, म्हणून हात जड पडला तर खरखरीबरोबर 'श' आणि 'स' हेही धुऊन जातात. हा संस्कार प्रतीवर करावा, मुळावर करूं नये. हँडब्रेक या साधनाचें नांव पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येतें. तें चांगलें आहे, पण चित्रासह फाइल बनविणारें आहे. नुसता ध्वनि तें देत नाहीं, म्हणून या कामीं त्याच्या मागें लागूं नये.

आतां थोडें अंकगणित. सेकंदास १२८ किलोबिट या मानानें दाबलेला ध्वनि मिनिटास सुमारें १ मेगाबाइट आणि तासास सुमारें ५८ मेगाबाइट जागा घेतो. डब्ल्यूएव्ही या मोकळ्या रीतींत, ध्वनितबकडीच्या दर्जाचा दोन कण्यांचा ध्वनि मिनिटास सुमारें १०.६ आणि तासास सुमारें ६३५ मेगाबाइट घेतो. फ्लॅक ही २००१ सालची रीत त्यास कांहींही न गाळतां साधारण निम्म्यावर आणते. फोनवरील चांगल्या प्रतीची चित्रफीत मात्र एका मिनिटांतच ६० मेगाबाइट किंवा त्याहूनही अधिक खाते. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, ध्वनि जसाच्या तसा काढला तरी तो मुळाच्या मानानें लहानच असतो. आणखी दाबून वांचणारी जागा क्षुल्लक आहे. दुसरी, मोठ्या मानाच्या आंकड्यास भुलूं नये. ३२० किलोबिटांची फाइल करून देतों असें कित्येक ॲपें सांगतात. परंतु मूळ ध्वनि ६४ किलोबिटांचा असेल तर त्यांत भर कशाची पडणार? पातळ ताक मोठ्या हंड्यांत ओतल्यानें दाट होत नाहीं. जुन्या फोनांतील एएमआर ध्वनींत तर सेकंदास आठ हजारच नमुने घेतलेले असत, म्हणून चार हजारांवरचें कंपन त्यांत मुळीं नाहींच. तेथें आहे तेवढेंच जपावें.

मग एमपी३ सर्वथा टाकाऊ आहे काय? तसें नाहीं. तिच्या परवान्यांचा व्यवहार २०१७ सालच्या एप्रिलमध्यें संपला, आणि मोटारींतील जुन्या प्लेयरपासून उशाशीं ठेवावयाच्या लहान स्पीकरपर्यंत ती कोठेंही वाजते. घरांत ठेवणीचीं भांडीं वेगळीं असतात आणि रोजचीं वेगळीं. ध्वनीचेंही तसेंच करावें. जसाच्या तसा काढलेला ध्वनि ही ठेवणीची प्रत. तिच्यावरून केलेली एमपी३ ही वापराची प्रत. बोलण्यास १२८ किलोबिट व गाण्यास १९२ किलोबिट हें मान ठेवावें. वापराची प्रत हरवली, झिजली, तरी ठेवणीच्या प्रतीवरून दुसरी करितां येते. उलट मात्र होत नाहीं.

दुसरी कसोटी घराच्या उंबऱ्याची. कांहीं संकेतस्थळें चित्रफीत आपल्याकडे मागवून घेतात आणि ध्वनि काढून परत देतात. सोय मोठी, पण त्यांत आपल्या घरचीं माणसें, त्यांचे आवाज, त्यांचें बोलणें परक्याच्या संगणकावर जातें, आणि तेथें त्याचें काय होतें हें आपणांस दिसत नाहीं. २०२५ सालच्या मार्चमध्यें अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर येथील कचेरीनें अशा फुकट रूपांतर करणाऱ्या साधनांविषयीं लोकांस सावध केलें. फाइलीबरोबर घातक सॉफ्टवेअर गळ्यांत मारण्याचे प्रकार तिच्या नजरेस आले होते. वर सांगितलेलीं साधनें आपल्याच संगणकावर चालतात. ध्वनि काढण्यापुरती त्यांस इंटरनेटची गरज लागत नाहीं. फोनवरचें एखादें ॲप ध्वनि काढण्याकरितां तुमच्या ओळखीच्या लोकांचे नंबर आणि तुमचा ठावठिकाणा मागूं लागलें, तर त्यास दारावरूनच निरोप द्यावा.

साधन घेतांना तें त्याच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावें. २०२२ सालच्या फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत व्हीएलसीचें मूळ संकेतस्थळ भारतांत बंद करण्यांत आलें होतें. अशा वेळीं लोक भलत्याच ठिकाणीं जातात आणि नांव तेंच असलेली भेसळ घरीं आणतात. आतां ती अडचण राहिलेली नाहीं.

परकीय मालाविषयींही दोन शब्द. घरच्या चित्रफितींस कोणाची आडकाठी नाहीं. परंतु चित्रपटांतील वा मैफलींतील गाणें दुसऱ्याच्या मालकीचें असतें. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत खाजगी उपयोगास जी मर्यादित मोकळीक आहे ती वाटप करण्यास लागू नाहीं. कीर्तनकारबुवांचा ध्वनि दहा ठिकाणीं पाठविण्यापूर्वीं त्यांस एक शब्द विचारावा. बहुधा ते आनंदानें होकार देतील.

शेवटीं कामाचा क्रम सांगून हा लेख पुरा करितों. प्रथम मूळ चित्रफितीच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवाव्या. मग ध्वनि जसाच्या तसा काढावा. फाइलीस नांव देतांना वर्ष, महिना, दिवस, माणूस आणि प्रसंग एवढें लिहावें. नुसत्या आंकड्यांच्या फाइली पन्नास वर्षांनीं कोणास ओळखूं येणार नाहींत. मग कानास हेडफोन लावून आरंभ, मध्य व शेवट ऐकावा, आणि श, ष, स असलेला एखादा शब्द मुळाशीं ताडून पाहावा. हें सर्व झाल्यावरही मूळ चित्रफीत पुसावी कीं नाहीं हें फोनच्या धन्यानें एकट्यानें ठरवूं नये. एकत्र कुटुंबांत फोन एकाचा असला तरी त्यांतील आवाज सर्वांचा असतो. जेवणाच्या पंक्तीस विषय काढावा, घरांतील वडील माणसांस विचारावें, आणि सर्वांचें मत पडेपर्यंत ती तशीच राहूं द्यावी. आमचें मत विचाराल तर पुसूंच नये. आज ज्यांस केवळ आवाज हवा आहे, त्यांच्या नातवंडांस पणजीचा चेहराही पाहावासा वाटेल.

जुन्या कॅसेटींवरील आवाज संगणकावर कसा आणावा याविषयींही कित्येकांनीं विचारलें आहे. त्याचा विचार पुढील अंकीं करूं.